एका शब्दाचं तारण

लग्न मे महिन्यात होतं. चर्चमध्ये पाहुण्यांच्या हाती द्यायची पुस्तिका मार्चअखेर छापायला जाणार होती, म्हणून मैत्रिणीनं नोव्हेंबरातच मजकूर माझ्याकडे आणून दिला. सोळा पानं. ती इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यातली, माझ्यासारखीच नोकरीनिमित्त जर्मनीत, लाइपत्सिगला आलेली. नवरा मुलगा इथलाच, एर्त्सगेबिर्गेच्या डोंगरातल्या एका लहान गावचा. लग्न तिच्या गावच्या चर्चमध्ये, आणि तेही 1662 च्या प्रार्थनापुस्तकातल्या विधीनं, कारण तिच्या आजीआजोबांचं लग्न त्याच शब्दांत लागलं होतं. आज इंग्लंडच्या चर्चमध्ये बहुतेक जोडपी सोप्या, आधुनिक इंग्रजीतला विधी घेतात. हिला जुनाच हवा होता.

मुलाकडची वीसेक माणसं जर्मनीहून जाणार होती. त्यातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नाही. मुलाच्या आईला तर अजिबात नाही, कारण त्या पूर्व जर्मनीत वाढल्या आणि तिथे शाळेत सक्तीची परदेशी भाषा रशियन होती. मी त्यांना मनातल्या मनात काकू म्हणते. तोंडावर अर्थात इथल्या रीतीप्रमाणे आडनाव आणि ‘झी’, म्हणजे अहोजाहो. त्या काकूंना आपल्या मुलाच्या तोंडचा शब्दन्‌शब्द कळला पाहिजे, एवढी एकच मागणी मैत्रिणीची होती. डाव्या पानावर इंग्रजी, उजव्या पानावर जर्मन.

मी पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन शिकले आणि गेली बारा वर्षं यंत्रांच्या वापरपुस्तिका इंग्रजीतून जर्मनमध्ये आणण्याचं काम करते. सोळा पानं म्हणजे दोन शनिवार, असा माझा हिशोब होता. पंधरा पानं खरोखर दोन शनिवारांत झाली. उरलेल्या पानावरची एक ओळ फेब्रुवारीपर्यंत पुरली.

ती ओळ वराच्या शपथेची शेवटची. आजपासून तुला पत्नी म्हणून स्वीकारतो, बऱ्यावाईटात, गरिबीश्रीमंतीत, आजारपणात आणि धडधाकट असताना, मृत्यू आपल्याला वेगळं करेपर्यंत, असं सगळं म्हणून झाल्यावर तो म्हणतो: ‘अँड देअरटू आय प्लाइट दी माय ट्रोथ.’ अडलं ते शेवटच्या शब्दावर. ट्रोथ.

ही ओळ 1662 ची म्हणतात, पण ती त्याहून जुनी आहे. 1549 मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप टॉमस क्रॅन्मर यांनी इंग्रजीतलं पहिलं प्रार्थनापुस्तक सिद्ध केलं, त्यात ती आहे. त्याच्याही आधी, सगळा विधी लॅटिनमध्ये चालत असतानाही शपथेपुरती इंग्रजी वापरत, कारण शपथ घेणाऱ्याला आपण काय बोलतो ते कळायला हवं. ट्रोथ आणि आजचा ट्रूथ हा मुळात एकच शब्द. पुढे ट्रूथ ‘सत्य’ या अर्थाकडे गेला आणि ट्रोथ ‘दिलेला शब्द’ या अर्थाला धरून राहिला. आता तो लग्नाच्या शपथेत आणि बिट्रोथ, म्हणजे लग्नाचं वचन देणं, या क्रियापदात तेवढा उरलाय. आधुनिक विधीत त्या ओळीच्या जागी ‘देवाच्या साक्षीनं मी हे व्रत घेतो’ अशा अर्थाचं वाक्य आहे.

गंमत अशी की बाकीच्या ओळींनी मला मुळीच त्रास दिला नाही. ‘टिल डेथ अस डू पार्ट’ पाहा. 1549 मध्ये हे ‘टिल डेथ अस डिपार्ट’ असं होतं. तेव्हा डिपार्ट म्हणजे वेगळं करणं. पुढच्या शंभर वर्षांत त्या शब्दाचा तो अर्थ गेला, नुसता ‘निघणं’ उरला, आणि 1662 मध्ये ‘डू पार्ट’ अशी दुरुस्ती करावी लागली. जर्मनमध्ये मात्र शाइडेन हे क्रियापद तेव्हाही होतं, आजही आहे, आणि ‘बिस डेअर टोट उन्स शाइडेट’ हे लहान पोरालाही पाठ असतं. पाच मिनिटांत ओळ झाली. ‘विथ माय बॉडी आय दी वर्शिप’ मध्ये वर्शिप म्हणजे पूजा नव्हे, मान देणं, हे ठाऊक असलं की तिथेही अडत नाही. ‘दी’, म्हणजे तुला, तर जर्मनमध्ये रोजचं ‘दिअर’. इंग्रजीनं आपला ‘तू’ टाकून दिला म्हणून इंग्रजाला ही शपथ जुनी वाटते. जर्मनांनी आणि आपण तो ठेवलाय. तेव्हा सगळं जुनेपण, सगळं वजन, त्या एका ट्रोथवर येऊन बसलं.

मी पहिल्यांदा लिहिलं ते कोणीही लिहील: ‘उंड दात्सू गेलोबे इश दिअर माइने ट्रॉये.’ आणि त्यासाठी मी तुला माझी निष्ठा प्रतिज्ञापूर्वक देतो. ट्रॉये हा ट्रोथचा सख्खा भाऊ, एकाच जर्मानिक मुळातून आलेला. एकनिष्ठता, इमान असा त्याचा अर्थ. जर्मनमध्ये या घराण्याला लग्नात केवढा मान आहे! ट्राउएन म्हणजे विश्वास ठेवणं आणि ट्राउएन म्हणजे लग्न लावणंही. ट्राउउंग म्हणजे विवाहविधी, ट्राउरिंग म्हणजे लग्नाची अंगठी. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ या सगळ्या शब्दांचं नातं आणखी मागे, घट्टपणा आणि लाकूड या अर्थाच्या मुळाशी जोडतात. इंग्रजी ट्री त्यातलाच, आणि संस्कृत दारुही, आपल्या देवदारातला. लाकडावरून खरेपणा आला की घट्टपणावरून लाकूड, यावर त्यांच्यात वाद आहे. मला त्या रात्री एवढंच वाटलं, की इतकं जवळचं नातं असल्यावर आणखी शोधायचं कशाला?

मग मी वधूची शपथ पाहिली. तोवर दोन्ही एकच धरून चालले होते. वधूची शेवटची ओळ वेगळी आहे: ‘अँड देअरटू आय गिव्ह दी माय ट्रोथ.’ वर ‘प्लाइट’ करतो, वधू ‘गिव्ह’ करते. नाम एक, क्रियापदं दोन. जर्मनमध्ये ट्रॉयेची प्रतिज्ञा करता येते, ती राखता येते, मोडताही येते, पण ‘मी तुला माझी ट्रॉये देते’ हे कानाला चमत्कारिक लागतं. ‘वोर्ट’, म्हणजे शब्द, घेतला तर वधूची ओळ झुळझुळ वाहते: ‘गेबे इश दिअर माइन वोर्ट’, तुला माझा शब्द देते. आपण मराठीत म्हणतो तसंच. पण मग वराची ओळ लंगडी पडते, आणि शब्द काय, माणूस भाडेकरूलाही देतो.

शेक्सपिअरच्या जुन्या जर्मन भाषांतरकारांनी काय केलं ते पाहिलं. व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकात पोर्शिया पहिल्याच वाक्यात ‘बाय माय ट्रोथ’ म्हणते, आणि श्लेगेल तिथे ‘आउफ माइन वोर्ट’ घालतो. बोलण्याच्या ओघात ते छानच आहे. आपणही ‘शप्पथ’ म्हणतो तेव्हा खरी शपथ घेत नसतो. पण वेदीसमोरच्या माणसाला ते पुरत नाही. कायद्याच्या कोशात बिट्रोथसाठी ‘फेअरल्यॉप्निस’ मिळतो. तो तर इथे चूकच, कारण जर्मन दिवाणी संहितेत फेअरल्यॉप्निस म्हणजे साखरपुडा, आणि तिच्या 1297 व्या कलमाप्रमाणे साखरपुडा झाला म्हणून लग्न कराच, असा दावा लावता येत नाही. ज्या वाक्यानं माणूस बांधला जातो तिथे न बांधणारा शब्द कसा घालायचा?

ही शंका केवळ पुस्तकी नव्हती. जर्मनीत 1876 पासून कायद्याचं लग्न फक्त सरकारी नोंदणी कार्यालयात लागतं. चर्चमधला विधी त्यानंतरचा, मनाच्या समाधानाचा. इंग्लंडमध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या धर्मगुरूनं लावलेलं लग्न हेच कायद्याचं लग्न. म्हणजे जर्मन पाहुणे ‘हा सोहळा’ म्हणून ऐकणार, आणि प्रत्यक्षात ती दोघं तिथेच, त्याच वाक्यांनी, नवराबायको होणार. मला ते वाक्य हलकं होऊ द्यायचं नव्हतं.

ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांतल्या, दुसऱ्या रविवारी मी मैत्रिणीबरोबर काकूंकडे गेले. एर्त्सगेबिर्गेत त्या दिवसांत प्रत्येक खिडकीत लाकडी कमान असते, तिच्यावर दिव्यांची ओळ. श्विबबोगन म्हणतात तिला. खाणीतल्या माणसांचा हा भाग, उजेडाचं कौतुक असणारच. काकूंनी आयरशेके नावाचा केक कापला, कॉफी ओतली, चष्मा लावला आणि माझं पान घेऊन मोठ्यानं वाचायला लागल्या. आवाज चांगला होता त्यांचा, ठाम. ‘गेलोबे’वर आल्या आणि थांबल्या.

“हे आम्ही म्हटलंय,” त्या म्हणाल्या. “चौदाव्या वर्षी. सभागृहात रांगेनं उभं करून. समोरचा वाचायचा आणि आम्ही सगळ्यांनी एकदम म्हणायचं, ‘या, दास गेलोबेन विअर.’”

होय, हीच प्रतिज्ञा आम्ही घेतो, असा त्याचा अर्थ. पूर्व जर्मनीत चर्चच्या दीक्षाविधीला पर्याय म्हणून युगेंडवाइहे नावाचा समारंभ होता, चौदा वर्षांच्या मुलांना मोठ्यांत घेण्याचा, आणि त्यात समाजवादी राज्याशी निष्ठेची ही प्रतिज्ञा असायची. मला युगेंडवाइहे ऐकून माहीत होता. पण ते क्रियापद कोणाच्या कानात असं रुतून बसलेलं असेल हे डोक्यात आलं नव्हतं. काकू रागावल्या नाहीत. पेन्सिलीनं शब्दाखाली हलकी रेघ मारली आणि एवढंच म्हणाल्या, “माझ्या मुलानं हे म्हणू नये. तेव्हा कोणी आम्हाला विचारलं नव्हतं.”

मी विचारलं, मग ट्रॉये? त्यावर त्या जरा गप्प झाल्या. त्यांच्या वडिलांच्या पिढीला तो शब्दही सरळपणे उच्चारता येत नसे. हिटलरच्या एसएस या निमलष्करी दलाच्या पट्ट्याच्या बकलावर ट्रॉये हा शब्द असलेलं ब्रीदवाक्य कोरलेलं होतं. ते ब्रीदवाक्य वापरणं आज जर्मनीत गुन्हा आहे. “पण शब्दाचा काय दोष?” काकू म्हणाल्या. “माझ्या लग्नात पाद्रीबुवांनी ट्रॉये म्हटलं होतं, आणि आम्ही ती राखली. हा शब्द ठेव. तो आमचा आहे.”

परतीच्या गाडीत मैत्रीण झोपली आणि मी वहीत दोनच नोंदी केल्या: गेलोबेन बाद, ट्रॉये कायम. नाम ठरलं. आता मला दोन क्रियापदं हवी होती, जी दोन्ही ट्रॉयेला पेलतील आणि ‘प्लाइट’ व ‘गिव्ह’ यांच्यातलं अंतर राखतील.

इथे मी आधी करायला हवं होतं ते केलं. नाम बाजूला ठेवून क्रियापदाचा माग काढला. आजच्या इंग्रजीत प्लाइट म्हणजे हालअपेष्टा, पण शपथेतला प्लाइट तो नव्हे. जुन्या इंग्रजीत प्लिहट म्हणजे धोका, जोखीम, आणि त्यावरचं क्रियापद म्हणजे एखादी गोष्ट जोखमीला लावणं. त्याचा जर्मन भाऊ प्फ्लिश्ट, म्हणजे कर्तव्य. एकाच शब्दाला एका भाषेनं धोक्याकडे नेलं, दुसरीनं कर्तव्याकडे. आणि ‘वेडिंग’? त्याच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतला वेद्द हा शब्द आहे, अर्थ तारण. त्याचा जर्मन भाऊ वेट्टे, म्हणजे पैज. वराच्या शपथेत सुरुवातीला ‘वेडेड वाइफ’ येतं आणि शेवटी ‘प्लाइट’. वाक्याच्या दोन्ही टोकांना तारण आणि जोखीम बसलेली, आणि मी मधल्या भावनेवर जर्मन शब्द डकवत होते.

ट्रोथ ही मनात बाळगायची वस्तू नाही, समोरच्याच्या हाती ठेवायची वस्तू आहे, हे तेव्हा कळलं. विधीतली सूचनाही तेच सांगते: वरानं आपल्या उजव्या हातात वधूचा उजवा हात घेऊन ही वाक्यं म्हणायची, मग हात सोडायचे, मग वधूनं त्याचा उजवा हात हातात घेऊन आपली म्हणायची. दोनदा, वेगवेगळं. आपल्याकडचं पाणिग्रहण आठवलं, आणि साखरपुड्याला आपण वाङ्‌निश्चय म्हणतो तेही. मराठीत मी हे वाक्य केलं असतं तर निष्ठा हा शब्द घातलाच नसता. इमान घातलं असतं. निष्ठा मनात असते, इमान राखावं लागतं, विकलं जातं, गहाण पडतं. ‘माझं इमान तुझ्याकडे तारण ठेवतो.’ वाक्य मराठीत जमलं आणि जर्मन वाक्य त्याच्या मागोमाग आलं.

तारणाला जर्मन शब्द प्फांट. ‘त्सुम प्फांट झेत्सेन’ म्हणजे तारण म्हणून लावणं, जुन्या वळणाचा पण समजणारा प्रयोग. झेत्सेन हेच क्रियापद पैजेवर पैसे लावायलाही चालतं, म्हणजे प्लाइटमधली जोखीमही आत आली. आणि ‘त्सुम प्फांट गेबेन’ म्हणजे तारण म्हणून देणं. वराची ओळ: ‘दाफ्यूर झेत्से इश दिअर माइने ट्रॉये त्सुम प्फांट.’ वधूची: ‘दाफ्यूर गेबे इश दिअर माइने ट्रॉये त्सुम प्फांट.’ एका शब्दाचा फरक, मूळ मजकुरात आहे तेवढाच. रात्री साडेबाराला मी मैत्रिणीला फोन केला.

माझं जर्मन तपासणारे एक सहकारी आहेत, पन्नाशीचे, काटेकोर. त्यांना ओळ दाखवली. ते म्हणाले, व्याकरण बिनचूक, पण आज प्फांट म्हटलं की लोकांना बाटली आठवते. खरंच आहे. इथे पाण्याची प्लॅस्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट प्फांट भरायचा, रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात टाकली की ते पैसे परत. रोजचा शब्द आहे. साधं ‘फेअरश्प्रेशे इश दिअर डी ट्रॉये’, तुला निष्ठेचं वचन देतो, असं का नाही, म्हणून त्यांनी विचारलं. जर्मन चर्चमध्ये तसंच म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं. तसं केलं असतं तर कोणाच्याही भुवया उंचावल्या नसत्या. पण मग डाव्या पानावर सहाशे वर्षांचं वाक्य आणि उजव्या पानावर परवाचं, असं झालं असतं. शिवाय वधूवरांच्या क्रियापदांतला फरक पुसला गेला असता. मैत्रिणीला तो फरक हवा होता की नको, हे मी तिला विचारलं. तिनं दोन दिवस घेतले आणि सांगितलं, आजीनं ‘गिव्ह’ म्हटलं होतं, मीही तेच म्हणणार.

फेब्रुवारीत पुन्हा काकूंकडे गेले. खिडकीतली कमान उतरवलेली, बाहेर बर्फाचा चिखल. मी आधी काही सांगितलं नाही, नुसतं पान पुढे केलं. त्यांनी वाचलं. प्फांटवर थांबल्या, आणि मी मनात म्हटलं, बाटली.

बाटलीच होती. शाळेत असताना दर शनिवारी हातगाडी घेऊन घरोघर रिकाम्या बाटल्या, बरण्या, रद्दी गोळा करायची आणि सेरोच्या केंद्रावर नेऊन द्यायची, हे त्यांनी सांगितलं. सेरो म्हणजे पूर्व जर्मनीतली भंगार जमा करण्याची सरकारी व्यवस्था. सुटे पैसे मिळत, ते शाळेच्या सहलीला जात. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर गेलोबेनच्या वेळचं सावट नव्हतं. मग त्या पुन्हा पानाकडे वळल्या.

“पण तारण परत घेता येतं ना?” त्यांनी विचारलं. “बाटली दिली की पैसे परत. मग हा माझा मुलगा आपली ट्रॉये परत कधी मागणार?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कायद्यानंही तारण असंच असतं, ऋण फिटलं की सुटतं. मी पर्यायाची चिठ्ठी काढायला पिशवीत हात घातला. काकूंनी मात्र पेन्सिल उचलली होती आणि तिच्या टोकानं त्या वरच्या ओळी मागे मागे वाचत चालल्या होत्या. ‘बिस डेअर टोट उन्स शाइडेट’वर पेन्सिल थांबली.

“इथे,” त्या म्हणाल्या. “तोवर तिच्याकडे राहील.” आणि समासात बरोबरची खूण केली.

पुस्तिका मार्चच्या शेवटच्या आठवड्यात छापली, साठ प्रती, आतल्या पानांना पिवळसर कागद. लग्नात मी जर्मन पाहुण्यांच्या मागच्या बाकावर होते. वराचा आवाज ‘प्लाइट’वर जरा अडखळला. काकूंनी पुस्तिका उघडून मांडीवर ठेवली होती, पण त्या पानाकडे पाहत नव्हत्या. ओठ हलत होते, आणि जर्मन ओळ इंग्रजी ओळीच्या किंचित आधी संपली.